राणीची वेळा

दिवाळी आली की घरोघरच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. दगड रचावेत, त्यांवर चिखल थापावा, उतारावर हळीव पेरावे, माथ्यावर महाराज बसवावेत आणि पायथ्याशी मावळे मांडावेत, हा क्रम ठरलेला. मात्र हे सारे किल्ले डोंगरी. पाण्यातला किल्ला करायला घेणारे मूल विरळाच, आणि त्याचे कारण उघड आहे. डोंगर मातीचा होतो. समुद्र कशाचा करावा? परातीत पाणी ओतून मधोमध दगड ठेवला, तरी भरती-ओहोटी कोठून आणणार? आणि भरती-ओहोटीवाचून जंजिऱ्याला जंजिरेपण नाही.

यंदा वाचकांना अशाच एका पाण्यातल्या किल्ल्यावर न्यायचे आहे; तेही त्याच्या सदरेवर किंवा बुरुजावर नव्हे, तर तटाबाहेरच्या वाळूच्या एका लहानशा तुकड्यावर. किल्ला सिंधुदुर्ग, आणि वाळूच्या त्या तुकड्याचे नाव राणीची वेळा.

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते. किनाऱ्यालगत मोरयाचा धोंडा नावाचा एक खडक आहे. त्यावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याच्या बांधकामाचा मुहूर्त याच धोंड्यापाशी झाला असे मालवणात सांगतात. तेथून किल्ला समोर स्वच्छ दिसतो, पण दरवाजा काही केल्या दिसत नाही. होडी खडकांमधून वळणे घेत जवळ जाते, तट डोक्यावर येतो, आणि मग दोन बुरुजांच्या कुशीत दडलेले प्रवेशद्वार एकाएकी पुढे ठाकते. होडीवाले पाहुण्यांना साधारण तासभर वेळ देतात. त्या तासात बहुतेक मंडळी शिवराजेश्वराचे मंदिर पाहतात, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे पाहतात, विहिरींत डोकावतात आणि परततात. वेळेकडे फारच थोडी वळतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. कारण तेथे पाहण्यासारखे म्हणाल, तर काहीच नाही.

तटातल्या एका लहान दरवाजातून वाकून बाहेर पडावे, की समोर वाळू. दोन्ही अंगांना काळे खडक, पाठीशी तट, आणि पुढे फक्त पाणी. पावलांनी मोजायला गेले तर मोजणी लवकरच संपावी, एवढीच जागा. मालवणचा लांबरुंद किनारा, तिथली गर्दी आणि होड्यांची वर्दळ या सर्वांकडे किल्ल्याने जणू पाठ फिरवली आहे. लाटसुद्धा येथे बेताने येते, कारण बाहेरच्या खडकांनी तिचा जोर आधीच मोडलेला असतो. या खडकांच्या आसऱ्याने पाण्याखाली प्रवाळ वाढते, आणि भोवतालचा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे.

या नावाचीही एक मौज आहे. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे समुद्राचा काठ, वेला म्हणजे भरती, आणि वेला म्हणजे काळ. आपण देशावरच्यांनी त्यांतला काळ तेवढा उचलला आणि घड्याळाला बांधला. कोकणाने काठही जपून ठेवला. त्यामुळे ‘राणीची वेळा’ हे शब्द घाटावरच्या माणसाच्या कानाला अर्धवट वाटतात. राणीची कसली वेळ, असे त्याच्या मनात येते. पुढे जी हकीकत सांगायची आहे, ती वाचल्यावर हा गैरसमजही अगदीच चुकीचा वाटू नये.

शिवाजीमहाराजांनी या कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात काम सुरू केले आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला पुरा झाला. जंजिऱ्याचा सिद्दी हाती येत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज होते, सुरतेस इंग्रजांची वखार होती. आरमार बांधले तर त्याला स्वतःचे घर हवे होते. हे बेट निवडण्यात खरी करामत दगडाची नव्हे, खडकांची आहे. भोवती पाण्याखाली खडकांची अशी पेरणी आहे, की वाट ठाऊक असल्यावाचून गलबत जवळ येऊ शकत नाही; आणि ती वाट ठाऊक असणारे लोक मालवणचे. सुमारे दोन मैलांचा तट बेटाच्या काठाकाठाने वळणे घेत गेला आहे. सरळ रेघ अशी कोठेच नाही.

अशा किल्ल्यात वाळू ही उणीव ठरते. खडकावर शत्रूची होडी फुटते, वाळूवर ती अलगद टेकते. डोंगरी किल्ल्याला सोपी चढण जशी घातक, तसा जलदुर्गाला मऊ किनारा. बांधणाऱ्यांनी काय केले ते वेळेवर उभे राहून मागे पाहिले की कळते. त्यांनी वाळू तटाच्या आत घेतली नाही; ती बाहेर ठेवून तट तिच्या पाठीशी उंच उभा केला. येथे कोणी उतरलाच, तर वरच्या जंग्यांतून त्याच्यावर नेम धरणे अगदी सोपे. आणि दार ठेवले तेही माणसाने वाकून जावे एवढेच. आतल्यांना निसटता यावे, बाहेरच्यांना घुसता येऊ नये. माझ्या मते या चिमुकल्या जागेचा मूळ हेतू एवढाच असावा. स्नानाची गोष्ट पुढची.

ती गोष्ट अशी सांगतात, की ताराराणी सिंधुदुर्गावर असताना या आडोशाच्या किनाऱ्यावर समुद्रस्नानास येत. गोष्ट ऐकली की डोळ्यांपुढे एक सुखवस्तू चित्र उभे राहते : दासी, पडदे, थंड वारा. पण ताराबाई या किल्ल्याच्या आश्रयाला कोणत्या परिस्थितीत आली, हे ध्यानात घेतले की ते चित्र टिकत नाही.

हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी १६७५ साली जन्मली. राजाराममहाराजांशी तिचे लग्न झाले. महाराज जिंजीच्या वेढ्यात होते त्या काळात तीही तिकडे गेली आणि १६९६ मध्ये तिला मुलगा झाला. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम वारले. त्या वेळी तिचे वय पंचविशीचे आणि मुलगा चार वर्षांचा. त्याला गादीवर बसवून तिने कारभार हाती घेतला, आणि खुद्द औरंगजेब किल्ल्यामागून किल्ला घेत सह्याद्रीत हिंडत असताना सात वर्षे राज्य लढते ठेवले. बादशहाने घेतलेले किल्ले मराठे मागाहून परत घेत, आणि त्याच सुमारास मराठी फौजा माळवा-गुजरातेत शिरत. १७०७ मध्ये अहमदनगरास औरंगजेब मेला. एवढ्या मोठ्या शत्रूला पुरून उरल्यावर तिला विसावा मिळावयाचा. पण घडले उलटेच. मोगलांनी शाहूला कैदेतून सोडले. तो संभाजीमहाराजांचा मुलगा, थोरल्या पातीचा वारस. ताराबाईने त्याचा हक्क मानला नाही. ऑक्टोबरात खेडला लढाई झाली. सेनापती धनाजी जाधव शाहूच्या बाजूस गेला, आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास शाहूचा राज्याभिषेक झाला.

मग शाहूने पाठलाग आरंभला. पन्हाळा गेला, ताराबाई रांगण्यास गेली. शाहू रांगण्याखाली येऊन बसला. किल्ला लढवण्याचे काम रामचंद्रपंत अमात्यावर सोपवून ताराबाई घाट उतरून मालवणास, या सिंधुदुर्गाच्या आसऱ्याला आली. नकाशा उलगडून पाहावा : सातारा, पन्हाळा, रांगणा, मालवण. प्रत्येक मुक्काम मागच्यापेक्षा दक्षिणेला, आणि अखेरचा तर थेट पाण्यात. मालवणापुढे जमीन नाही.

म्हणजे या वाळूवर जी राणी आली असेल, ती तेहेतीस वर्षांची विधवा, बारा वर्षांच्या मुलाची आई, जिचे सेनापती आणि सरदार एकेक करून पुतण्याला मिळत होते अशी. तिच्यापुढे समुद्र होता. आता समुद्र म्हणजे तिची अडवणूक होती, की तिची ढाल? मला वाटते, येथेच या जागेचे मर्म आहे. शाहूजवळ घोडदळ होते, पण आरमार नव्हते. आरमाराचा सरखेल कान्होजी आंग्रे त्या वेळी ताराबाईच्या पक्षाचा होता, आणि तो पुढे सहा वर्षे तसाच राहिला. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाने गोडीगुलाबीने त्याला शाहूकडे वळवले, तेव्हा कोठे समुद्र शाहूचा झाला. १७०८ साली मात्र साताऱ्याची सत्ता भरतीच्या रेघेपाशी संपत होती. ज्या वाळूवर शत्रूचा घोडा पोचू शकत नाही, तीवर राणी निर्धास्त उतरू शकत होती. सासऱ्याने सिद्दीला आणि टोपीकरांना तोंड देण्यासाठी बांधलेला किल्ला असा चाळीस वर्षांनी सुनेला घरच्याच माणसापासून वाचवण्याच्या कामी आला. इतिहासाच्या असल्या थट्टा वाचताना हसू येत नाही.

पावसाळा तोंडावर आला आणि शाहूने रांगण्याचा वेढा उठवला. त्यानंतर ताराबाईने पन्हाळा परत घेतला आणि तेथे आपली गादी मांडली. कोल्हापूरचे राज्य ते हेच. १७१४ साली तिच्याच सवतीने, राजसबाईने, तिला आणि तिच्या मुलाला कैद केले. पुढे ती साताऱ्यास गेली, पेशव्यांशी भांडली, आणि पानिपताची वार्ता ऐकून १७६१ च्या डिसेंबरात वारली. शहाऐंशी वर्षांच्या त्या आयुष्यात मालवणचे दिवस म्हणजे मूठभर.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. वेळेच्या नावात ‘राणी’ एवढाच शब्द आहे, ‘तारा’ नाही. आणि सिंधुदुर्गाशी दुसऱ्या एका राणीचाही घट्ट संबंध आहे. त्याच राजसबाईचा मुलगा संभाजी कोल्हापूरचा राजा झाला. तो १७६० साली वारल्यावर त्याची राणी जिजाबाई राज्य पाहू लागली. १७६५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी चाल करून सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव ठेवले. पुढल्याच वर्षी या जिजाबाईने तह करून, पैसा मोजून किल्ला सोडवला. ते इंग्रजी नाव मालवणात कोणाच्या तोंडी उरले नाही. १८१२ मध्ये मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले, तरीही नाही. एकीला या किल्ल्याने वाचवले, दुसरीने या किल्ल्याला. नावावर हक्क सांगण्यास दोघीही समर्थ आहेत. लोकांनी ताराबाईला कौल दिला. मला तो मान्य आहे, पण जिजाबाईचे नाव घेतल्यावाचून तेथून निघू नये असे वाटते.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत सिंधुदुर्ग आहे. तेव्हा तेथे जाण्याचा बेत अनेक घरांत शिजत असेल. पावसाळ्यात होड्या बंद असतात. दिवाळीच्या सुटीपर्यंत समुद्र निवळलेला असतो. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे गोडे पाणी पाहायला विसरू नये. बेटावर मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते वर तरंगून राहते. ते नसते, तर कोणत्याच राणीला येथे चार दिवसही काढता आले नसते. आजही काही कुटुंबे किल्ल्याच्या आत राहतात.

वेळेची वाट त्यांच्यापैकी कोणीही दाखवील. भरतीच्या वेळी मात्र वाळू फारशी उरत नाही. मालवणी माणसाला विचारले तर तो सांगेल, “राणीच्या वेळेर जाऊचा आसात तर सुकतीक जावा.” सुकती म्हणजे ओहोटी. धक्क्यावरच ओहोटीची वेळ विचारून घ्यावी, आणि होडीवाल्याने दिलेल्या तासातली पहिली पंधरा मिनिटे वेळेला द्यावीत. मंदिर, ठसे आणि विहिरी मागाहून.