चार्जचं ओझं

नव्या साहेबांनी सोमवारी चार्ज घेतला. मोबाइल चार्जला लावलाय. हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज धरलाय. पोलिसांनी चार्जशीट दाखल केलं. चारही वाक्यांतला चार्ज एकच, आणि त्याचं मूळ बैलगाडीच्या जवळपास आहे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यात माल भरणं, लादणं या अर्थाचं क्रियापद झालं आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत उतरलं. मोबाइलमध्ये वीज भरली, साहेबांवर जबाबदारी लादली, गिऱ्हाइकावर खर्च आणि आरोपीवर गुन्हा. (लाठीचार्जमधलं ‘चालून जाणं’ ही याच शब्दाला पुढे फुटलेली फांदी.) कार आणि कार्गो याच गोतावळ्यातले. कॅरिकेचरसुद्धा! तिथे नाकावर जरा जास्तच माल लादलेला असतो, इतकंच.

आपला ‘आरोप’ही लादण्यातलाच. वृक्षारोपणातलं आरोपण ते हेच: वर ठेवणं, लावणं. रूपक अलंकारात उपमेयावर उपमानाचा आरोप होतो, तेव्हा कुणी पोलिसांत जात नाही. म्हणूनच मराठीत आरोप ठेवतात, दोष लावतात, ठपका ठेवतात. खापर मात्र थेट डोक्यावर फोडतात. इंग्रजीतल्या ‘ब्लेम’ला ती मजा नाही, पण त्याचं कूळ भारदस्त आहे. देवनिंदेला इंग्रजीत ‘ब्लास्फेमी’ म्हणतात, त्याच ग्रीक शब्दाचा फ्रेंचांच्या तोंडी झिजून ‘ब्लेम’ झाला. देवापासून निघालेली निंदा शेवटी भाजी करपवणाऱ्यापर्यंत आली.

‘अक्यूज’च्या पोटात लॅटिन ‘काउसा’ आहे, म्हणजे कारण आणि खटलाही. त्यावरून व्याकरणात एक गंमत झाली. ग्रीकांनी कर्माच्या विभक्तीला जे नाव दिलं होतं, त्यातल्या मूळ शब्दाला कारण आणि आरोप असे दोन्ही अर्थ होते. रोमन पंडितांनी भाषांतर करताना दुसरा उचलला. तेव्हापासून आपल्या द्वितीयेला युरोपात ‘आरोप करणारी विभक्ती’ म्हणतात. ‘कॅटेगरी’चंही तसंच. ग्रीकमध्ये तो भर चौकातला आरोप होता. अॅरिस्टॉटलने त्याला तर्कशास्त्रात घेतलं आणि आज आपण त्यात प्रवेशअर्ज भरतो.

वापरात मात्र हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘अक्यूज’ कुणीही कुणालाही करावं, त्याच्यामागे ‘ऑफ’ येतो. ‘चार्ज’ला पोलीस किंवा कोर्ट लागतं, आणि त्याला ‘विथ’ हवा. ‘ब्लेम’ला ‘फॉर’. ‘इंडाइट’ म्हणजे खटल्यासाठी रीतसर आरोप ठेवणं. ते लिहिताना मध्ये एक ‘सी’ घालतात, उच्चारात तो नाही; जुन्या पंडितांनी लॅटिनची आठवण म्हणून तो मागाहून खोचला. अमेरिकेत इंडाइट करते ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ. इंग्लंडने ती पद्धत १९३३ साली मोडीत काढली. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं मात्र चौकशी समितीने ताशेरे ओढले की बेधडक ‘इंडाइटेड’ छापतात. तिथे मराठी बातमीदाराचा ‘ठपका’ जास्त नेमका.

सगळ्यात जास्त घोळ ‘इम्पीच’चा. लॅटिनमध्ये ‘पेडिका’ म्हणजे पायातली बेडी. बेडी घालून अडवणं हा मूळ अर्थ, आणि फ्रेंचमधला त्याचा भाऊ आजही फक्त ‘अडवणं’ एवढंच सांगतो. इम्पीच झाला म्हणजे पदावरून गेला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. क्लिंटन १९९८ मध्ये इम्पीच झाले, ट्रम्प २०१९ आणि २०२१ असे दोनदा. सिनेटने तिन्ही वेळा सोडून दिलं. इम्पीच म्हणजे एका सभागृहाने ठेवलेला आरोप, निकाल दुसऱ्याने द्यायचा. आपल्याला यातला सगळ्यात जवळचा खटला बंगालचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जचा. ब्रिटिश संसदेतला एडमंड बर्क आरोप करायला उभा होता. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये १७८८ च्या फेब्रुवारीत सुनावणी सुरू झाली आणि १७९५ च्या एप्रिलमध्ये, सात वर्षांनी, हेस्टिंग्ज सगळ्या आरोपांतून निर्दोष सुटला.