नामा म्हणे... पण कुठला नामा?

मागच्या शनिवारी रूममेटशी वाद झाला. तो म्हणे, ज्या गेममध्ये हिरोचं नाव, चेहरा, स्वभाव सगळं आपणच ठरवतो, त्या हिरोला कसलं आलंय व्यक्तिमत्त्व? तो कपड्यांच्या दुकानातला पुतळा! मी पडलो 'मास इफेक्ट'चा फॅन, त्यामुळे झोंबलंच. :) पण उत्तर सापडलं ते आमच्या हिंगोलीत.

आमच्या जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं (१२७०-१३५०) जन्मगाव मानलं जातं. आजी लहानपणी मला तिथे न्यायची. तिच्या तोंडी कायम 'नामा म्हणे'. इंजिनिअरिंगला असताना वाचनात आलं की गाथेतले सगळे अभंग नामदेवांचे नाहीत. सोळाव्या शतकात मराठीत महाभारत लिहिणारा विष्णुदास नामा होऊन गेला, त्याचेही त्यात मिसळलेत. मी शहाणपणा करून आजीला म्हणालो, "तुझा आवडता अभंग बहुतेक नामदेवांचा नाहीच."

"मग काय झालं? नामाच बोलतोय ना?"

तेव्हा हसलो होतो. आता पटतंय. 'नामा' ही जागा कुणीही घेऊ शकत होतं, पण तिथे कसंही वागून चालत नव्हतं. नामा म्हणजे देवाला नैवेद्य खायला लावणारं हट्टी पोर. गोरोबांनी कच्चं मडकं ठरवल्यावर रुसणारा. औंढ्याला देवळासमोरून हाकलल्यावर मागे जाऊन कीर्तन करणारा. मग म्हणे देऊळच त्याच्याकडे फिरलं! १६०४च्या आदिग्रंथातही नामदेवांच्या पदांत देऊळ फिरतंच. भाषा बदलली, प्रांत बदलला, नामा ओळखू येतोच.

'मास इफेक्ट'मध्ये (२००७) तेच आहे. पहिलं नाव, चेहरा, स्त्री की पुरुष, सगळं तुमच्या हातात. आडनाव मात्र शेपर्डच. कारण बाकीच्यांना हाक मारता आली पाहिजे ना. 'स्कायरिम'मध्ये (२०११) मी शेकडो तास घालवले, पण तो हिरो कधी भेटलाच नाही. आपलं काय ते ठरवून टाका, पण बदलता न येणारं काहीतरी उरलं पाहिजे. व्यक्तिमत्त्व तिथे असतं.

एक फरक आहेच. आपण गेममधल्या हिरोला आपलं नाव देतो. त्या कवींनी आपलं नाव सोडून त्याचं घेतलं.

असो. आजी जाऊन चार वर्षं झाली. तिचा तो अभंग नक्की कुणाचा, हे मी पुढे शोधलंच नाही.