२ ऑगस्ट १९९० : इराकी फौजा कुवेतमध्ये

कुवेत रुमैला तेलक्षेत्रात तिरक्या विहिरी खोदून आपले तेल चोरतो, हा इराकचा आरोप. याच दिवशी त्याने फौजा घातल्या आणि तिथले भारतीय, त्यांत मराठी कुटुंबेही, उघड्यावर आली. सुटकेची वाट : बसरा-बगदादमार्गे बसने अम्मान, तिथून एअर इंडियाने मुंबई. ५९ दिवस, ४८८ उड्डाणे, लाखावर माणसे! कुवेती दिनार इराकने आपल्या दुबळ्या दिनाराच्या पंगतीला बसवला, त्यामुळे वर्षानुवर्षांची शिल्लक मातीमोल झाली. भरपाई संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने दिली, तीही इराकच्याच तेलविक्रीतून : परागंदा झालेल्या एकट्याला २,५०० ते ४,००० डॉलर. रक्कम हाती पडेपर्यंत बरेच जण पुन्हा कुवेतमध्ये कामाला लागले होते.