बंडीची धाव

वऱ्हाडातील कापसाचा इतिहास सांगताना आपण रेल्वे, जिनिंग आणि मुंबईचा बाजार यांविषयी बोलतो. शेतातून कापूस बाहेर काढणाऱ्या बंडीच्या चाकाकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा पुष्कळ कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि येथील कापसाची मागणी एकदम वाढली. १८६७ मध्ये लोहमार्ग अकोला, बडनेरा ही ठाणी घेत नागपूरला पोहोचला. पण त्यामुळे बंडीचे काम संपले नाही, उलट वाढले. गावापासून स्टेशनापर्यंतची वाट तिनेच तुडवायची होती.

ही बंडी लाकडी चाकावर चाले. मधोमध तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना परिघाचे वाकडे तुकडे आणि या सर्वांना बाहेरून आवळणारी लोखंडी पट्टी, म्हणजे धाव. चाक सुतार घडवी, धाव लोहार चढवी. धाव चाकाहून मुद्दाम थोडी लहान ठेवत. ती आगीत लाल करून चाकावर बसवत आणि लगेच पाणी ओतत. चाकाचा परिघ ४ मीटर आणि तापमानातील वाढ ५०० अंश सेल्सिअस धरू. लोखंड दर अंशाला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश वाढते. म्हणजे धाव सुमारे २४ मिलिमीटर वाढते. निवताना ती आकसते आणि सारे सांधे घट्ट आवळते.

तरीही उन्हाळ्यात धाव ढिली होई. ती निसटली, तर भरल्या बंडीचे चाक वाटेतच मोडायचे. उन्हाने लोखंड वाढते म्हणून असे होते, हे उत्तर वर्गात हमखास मिळते. आपण हिशेब करून पाहू. १५ अंशांवरून ४५ अंशांवर जाताना आपली धाव जेमतेम दीड मिलिमीटर वाढेल. आता लाकडाकडे वळू. परिघाचे तुकडे १० सेंटिमीटर जाड आहेत आणि कोरड्या हवेत ते जाडीत फक्त एक टक्का आकसले, असे समजू. तर व्यास २ मिलिमीटरने आणि परिघ ६ मिलिमीटरहून अधिक कमी होतो. खरा दोष लोखंडाच्या प्रसरणापेक्षा लाकडाच्या आकसण्याचा आहे. म्हणूनच चाके पाण्यात भिजत ठेवण्याचा उपाय लागू पडे. लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसे. ते पुरेनासे झाले की धाव उतरवून, थोडी कापून, जोडून पुन्हा चढवावी लागे.

पुढे रबर आले. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली. हवा भरलेल्या टायरचे पेटंट टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी तो सायकलीसाठी नव्याने शोधून रूढ केला. आज पुष्कळ बंड्यांना मोटारींची उतरवलेली चाके दिसतात. रुंद टायर काळ्या मातीत कमी रुततो आणि बेअरिंगमुळे बैलांचे श्रम वाचतात. टायरचेही नूतनीकरण होते. सांगाडा शाबूत असेल तर झिजलेला थर खरवडून नवे रबर बसवतात आणि उष्णता व दाब देऊन ते पक्के करतात. येथे आग आकार वाढवण्यासाठी नसते, रबराचे रेणू एकमेकांशी जोडण्यासाठी असते.

या बदलात बैलांचा लाभ झाला, सुतार-लोहारांचे मात्र काम गेले. चाकाची दुरुस्ती बलुत्याच्या धान्यावर गावातच होत असे. ती आता अकोला-अमरावती महामार्गावरच्या दुकानात रोख पैशाने होते. विद्यार्थ्यांना गावातील वृद्ध लोहाराकडे न्यावे. धाव किती लहान ठेवायची हे ते सूत्राविना कसे ठरवत, हे त्यांच्याकडूनच ऐकावे आणि मग वरचा हिशेब फळ्यावर मांडावा, असे आम्ही सुचवतो.