सहा भागांचा फौजदार

१९८२ सालच्या मार्च महिन्याच्या ४ तारखेस अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने 'पोलीस स्क्वॉड!' नावाची एक विनोदी मालिका सुरू केली. नावापुढचे उद्गारचिन्ह कर्त्यांनीच दिलेले आहे. ते छापखान्याच्या माथी मारू नये. चार गुरुवारी चार भाग झाले आणि कंपनीने मालिका मागे घेतली. तयार असलेले दोन भाग जुलै महिन्यात उरकून टाकले. अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा भाग! आपल्याकडे रात्रभर चालणारे संगीत नाटक पहिल्या अंकाच्या पदांत असेल तोवर ही सारी मालिका पाहून संपते. पण या अडीच-तीन तासांच्या ऐवजाने एका उतारवयाकडे झुकलेल्या नटाचे आयुष्य पालटले, आणि चाळीस वर्षे उलटल्यावरही तिचे चाहते तिची पारायणे करतात. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक.

मालिका बंद का केली, याचे जे कारण कंपनीचे मनोरंजन-प्रमुख टोनी थोमोपोलस यांनी दिले ते विनोदाच्या इतिहासात अमर झाले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की ही मालिका समजायची तर प्रेक्षकाला ती लक्ष देऊन पाहावी लागते! पुस्तक वाचावे लागते म्हणून ते रद्दीत घालावे, तशातलाच हा न्याय. चाहत्यांनी या वाक्याची आजवर पुष्कळ टिंगल केली आहे. पण हसून झाल्यावर थोडा विचार केला, तर त्या गृहस्थांनी रोगाचे निदान अचूक केले होते, औषध तेवढे चुकले, असेच म्हणावे लागेल.

मालिकेचे कर्ते तिघे: डेव्हिड आणि जेरी झुकर हे दोघे भाऊ, आणि त्यांचा बालमित्र जिम एब्राहम्स. या त्रिकुटाने १९८० साली 'एअरप्लेन!' हा चित्रपट काढून नाव मिळविले होते. १९५७ सालचा 'झीरो अवर!' हा विमानसंकटावरचा गंभीर चित्रपट त्यांनी जवळजवळ प्रसंगाला प्रसंग लावून उचलला, आणि त्याच गंभीर चेहऱ्याने त्याचा पार विचका केला. त्यांची युक्ती साधी होती. विनोदी नट घ्यायचेच नाहीत. आयुष्यभर भारदस्त भूमिका केलेले रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज यांच्यासारखे लोक आणायचे, आणि तद्दन वेडपट वाक्ये त्यांच्याकडून कोर्टात साक्ष द्यावी तशी म्हणवून घ्यायची. त्यातल्या डॉक्टरच्या भूमिकेत लेस्ली नीलसन होता. त्यालाच त्यांनी आपल्या मालिकेत डिटेक्टिव्ह लेफ्टनंट फ्रँक ड्रेबिन केले. आपल्या भाषेत सांगायचे तर फौजदार.

हा फौजदार मूर्ख आहे, पण त्याला त्याचा पत्ता नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करताना ती कशावर तरी आदळल्यावाचून राहत नाही, आणि उतरताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. कोणी सिगारेट पुढे करून "सिगारेट?" असे विचारावे, तर समोरच्याने ती निरखून "होय, सिगारेटच" असा निर्वाळा द्यावा, असा त्या जगाचा कायदा. कचेरीत अल नावाचा एक शिपाई आहे. तो इतका उंच, की त्याचे डोके कधी चित्रात मावतच नाही, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. जॉनी नावाचा बूटपॉलिशवाला चार पैसे हातावर ठेवले की गुन्हेगारांची बित्तंबातमी देतो; पण ड्रेबिनची पाठ वळली, की त्याच खुर्चीत एखादा शल्यविशारद येऊन बसतो आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला विचारतो. जॉनी तोही पैसे घेऊन देतो.

आरंभीची श्रेयनामावली म्हणजे तर स्वतंत्र प्रहसनच. प्रत्येक भागात 'खास पाहुणा कलावंत' म्हणून कोणी नामवंत नट जाहीर होतो आणि नाव पुरते उच्चारले जाते न जाते तोच त्याचा खून पडतो. पुढे कथेत त्याचा मागमूस नाही. 'बोनान्झा'चा लॉर्न ग्रीन असा गेला, 'स्टार ट्रेक'चा विल्यम शॅटनरही गेला. त्याच नामावलीत अब्राहम लिंकन नाटकगृहात बसलेले दिसतात. मागून गोळी सुटते, आणि लिंकन उलट पिस्तूल काढून गोळी झाडतात! भागाचे नाव पडद्यावर एक येते आणि निवेदक खणखणीत आवाजात भलतेच वाचतो. शेवटी चित्र गोठल्याचा आव आणून नट नुसतेच स्तब्ध उभे राहतात. इकडे ओतली जाणारी कॉफी पेला भरून वाहत असते, किंवा सारे पुतळ्यासारखे उभे असल्याचे पाहून पकडलेला गुन्हेगार हळूच दाराकडे निघतो.

या खास पाहुण्यांच्या प्रथेशी एक दुःखद योगायोगही निगडित आहे. जॉन बेलुशी या लोकप्रिय विनोदी नटाचा असाच एक मृत्युप्रसंग चित्रित झालेला होता. मालिका सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ मार्चला, बेलुशी खरोखरच निवर्तला. ते दृश्य काढून टाकण्यात आले आणि त्याच्या जागी दुसरा पाहुणा घेण्यात आला. थट्टेची मर्यादा कोठे संपते हे त्या थट्टेखोरांना नेमके ठाऊक होते.

आता थोमोपोलस यांच्या निदानाकडे वळू. दूरचित्रवाणीचा संच हा घरातला सोबती. भाजी चिरता चिरता, मुलांना दटावता दटावता माणसे त्याच्याकडे अर्धा कान देतात. म्हणून विनोदी मालिकांत हशा आधीच भरून ठेवण्याची चाल पडली. स्वयंपाकघरातल्या माणसालाही कळावे, की आता हसायचे आहे. 'पोलीस स्क्वॉड!'मध्ये तो उसना हशा नव्हता. विनोद बोलण्यात असेल तितकाच मागच्या भिंतीवर, पाटीवर, कोपऱ्यातून जाणाऱ्या माणसात असे. मान वळवली की तो निसटला. त्या वर्षी एमी पारितोषिकासाठी नीलसनच्या अभिनयाची आणि पहिल्या भागाच्या लेखनाचीही शिफारस झाली. जाणत्यांना मोल कळले होते. बाजारात मात्र नाणे खपले नाही.

लेस्ली नीलसन त्या वेळी ५६ वर्षांचा होता. जन्म १९२६चा, कॅनडातील रेजायना गावचा. वडील कॅनडाच्या घोडेस्वार पोलीस दलात, दूर उत्तरेच्या हिमप्रदेशात नेमलेले, आणि घरात अतिशय कडक. थोरला भाऊ एरिक पुढे १९८४ ते १९८६ या काळात कॅनडाचा उपपंतप्रधान झाला. लेस्ली नट झाला, पण तोही गंभीर. १९५६ सालच्या 'फॉरबिडन प्लॅनेट'मध्ये तो अंतराळयानाचा नायक होता. १९७२ सालच्या 'द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर'मध्ये बुडणाऱ्या जहाजाचा कप्तान. आणि खरी गंमत पुढेच आहे. १९६१-६२ साली याच एबीसीवर 'द न्यू ब्रीड' नावाची पोलीसकथांची मालिका चालली होती. तिच्यातला करारी पोलीस लेफ्टनंट नीलसननेच रंगविला होता! क्वीन मार्टिन या निर्मात्याची ती मालिका. त्याच्याच घराण्यातल्या पोलीसकथांचे निवेदन, अंकांची मांडणी आणि भारदस्त उपसंहार यांची टर 'पोलीस स्क्वॉड!'ने उडविली. म्हणजे वीस वर्षांपूर्वी जो अंगरखा त्याने मनापासून वागविला, तोच या तिघांनी उलटा करून त्याला घातला, आणि तो अंगाला अधिक चपखल बसला.

नीलसन पुढे मुलाखतींतून सांगे, की आपला पिंड पहिल्यापासून विनोदाचाच होता, गंभीर भूमिका हाच स्वभावाविरुद्धचा उद्योग. तीस वर्षे ज्याला कोणी ओळखले नाही, त्याला ओळख मिळवून देणारे काम चार आठवड्यांत बंद पडावे, याहून कठोर थट्टा कोणती?

पण मालिका मेली तरी फौजदार मेला नाही. १९८८ साली त्याच मंडळींनी ड्रेबिनला चित्रपटात आणले. 'द नेकेड गन' या नावापुढे त्यांनी 'पोलीस स्क्वॉडच्या दप्तरातून' अशी पुस्ती मुद्दाम जोडली. ज्याला दारातून हाकलले त्याला घराण्याच्या नावासकट वरात काढून परत आणले म्हणा ना! मालिकेतल्या कित्येक गमती त्यात पुन्हा वापरल्या होत्या. आता मात्र लोक लोटपोट हसले. १९९१ आणि १९९४ साली आणखी दोन चित्रपट निघाले. विनोद तोच, नट तोच; पालटले होते ते प्रेक्षकाचे बसणे. चित्रपटगृहाच्या अंधारात भाजी चिरता येत नाही. तिकिटाचे पैसे मोजलेला माणूस पडद्याकडे पाहतो, आणि पाहिले की हसतो. रोगाचे खरे औषध हे होते.

चाहत्याने एक कबूल केले पाहिजे. पुढच्या काळातले नीलसनचे बरेच चित्रपट सुमार आहेत. आपण विनोदी आहोत हे त्याच्या चेहऱ्याला कळू लागले. भुवया उडू लागल्या, डोळे विस्फारू लागले. ड्रेबिनचे सामर्थ्य त्याच्या अज्ञानात होते. म्हणून आम्ही फिरून फिरून त्या सहा भागांकडेच येतो. तेथे तो माणूस अजून लेफ्टनंट आहे, कर्तव्यदक्ष आहे, आणि जग आपल्याला का हसते हे त्याला ठाऊक नाही.

नीलसन २८ नोव्हेंबर २०१० रोजी फ्लोरिडात, वयाच्या ८४व्या वर्षी वारला. २०२५ साली 'द नेकेड गन' नव्याने निघाला, तेव्हा ड्रेबिनच्या मुलाच्या भूमिकेसाठी लियम नीसन हा असाच आयुष्यभर गंभीर भूमिका केलेला नट निवडला गेला. एवढा धडा तरी चित्रव्यवसायाने गिरविला म्हणायचा. नीलसनला एक खोडकर सवय होती. तळहातात लपेल असे एक यंत्र तो जवळ बाळगी, आणि प्रतिष्ठितांच्या मेळाव्यात, अगदी निर्विकार चेहऱ्याने, त्यातून असा एक आवाज काढी की ज्याचे नाव दिवाळीच्या फराळापुढे घेऊ नये. त्याच्या थडग्यावर दोन-तीन शब्दांचाच लेख आहे. 'होऊ द्या मोकळे' असा त्याचा अर्थ. कडक पोलिसाच्या या मुलाने हसू किती वर्षे दाबून धरले होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो लेख वाचताना आधी हसू येते, आणि मग थोडे थांबावेसे वाटते.