धुण्याच्या फळीचा ताल

ज्याच्या घरीं तबला नाहीं त्यानें ताल धरूं नये, असा नियम कोणत्याहि देशांत नाहीं. हाताशीं असेल त्या भांड्यावर, खोक्यावर अथवा आपल्याच मांडीवर ठेका धरणें ही मनुष्याची सहजप्रवृत्ति आहे. तथापि अशा घरगुती ठेक्यास ध्वनिमुद्रिकेंत मानाचें स्थान मिळालें, ही गोष्ट तितकी सहज घडलेली नाहीं. तिच्या मुळाशीं यंत्राचा दुबळेपणा आहे आणि माणसांचें दारिद्र्यहि आहे.

१९२५ पूर्वीं ध्वनिमुद्रण विजेच्या साह्यावांचून होत असे. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत. त्यांच्या आवाजानें कर्ण्याच्या टोकाशीं बसविलेला पातळ पडदा कंप पावे आणि त्यास जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर चर कोरीत जाई. ही रचना मोठी नाजूक होती. मोठ्या ढोलाच्या टोल्यासरशीं सुई उसळून चर बिघडण्याचें भय असे. म्हणून ढोलवादकास आवरून धरण्याचा प्रघात पडला. १९२३ सालीं किंग ऑलिव्हर याचा वाद्यवृंद अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत, रिचमंड या गांवीं मुद्रणासाठीं गेला. तरुण लुई आर्मस्ट्राँग त्या वृंदांत होता आणि बेबी डॉड्स हा नामांकित ढोलवादकहि होता. परंतु त्या मुद्रिकांत डॉड्सच्या ढोलांचा पुरा संच ऐकूं येत नाहीं. ऐकूं येतात त्या प्रामुख्यानें लांकडी ठोकळ्यावरील टिचक्या. पुढील पिढ्यांस त्या वृंदाची ओळख झाली ती ह्याच मुद्रिकांवरून. कृष्णवर्णी वादकांच्या एका थोर कलेचा अर्धा भाग अशा रीतीनें पुराव्याबाहेर राहिला.

१९२५ सालीं मायक्रोफोन आला आणि हलके आवाजहि टिपले जाऊं लागले. ह्या संधीचा लाभ एका धुण्याच्या फळीस झाला. महाराष्ट्रांत धुणें नदीकांठीं अथवा विहिरीवर दगडावर आपटून होत असे. त्यामुळें ही वस्तु येथें फारशी परिचित नाहीं. लांकडी चौकटींत बसविलेला पन्हळी पत्रा, असें तिचें रूप असतें आणि त्यावर ओले कपडे घांसतात. दुसऱ्यांचे कपडे धुणें हें अमेरिकेच्या दक्षिण भागांत असंख्य कृष्णवर्णी स्त्रियांच्या उपजीविकेचें साधन होतें. जेथें ढोलांचा संच विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेथेंहि फळी मात्र घरांत असेच. शिवणकामाचीं अंगुस्तानें बोटांत घालून वादक ती फळी खरवडीत व ठोकीत. पत्र्याच्या पन्हळींतून निघणारा तो खरखरीत, भरभर चालणारा ठेका मायक्रोफोननें सहज उचलला. १९२८ सालीं जॉनी डॉड्स याच्या वृंदाच्या मुद्रिकांत फळी वाजविली ती त्याचा भाऊ बेबी डॉड्स यानें. पांच वर्षांपूर्वीं ज्याचे ढोल कर्ण्यास सोसले नव्हते, तोच हा वादक होय.

ह्याच काळांत मेम्फिस येथील 'जग बँड' हा वृंद मातीच्या मोठ्या सुरईच्या तोंडाशीं फुंकर घालून खर्ज साधूं लागला. नवरात्रांत महालक्ष्मीपुढें घागर फुंकणाऱ्या सुवासिनी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस ह्या युक्तीचें नवल वाटणार नाहीं. पुढें शिकागो येथें रॉबर्ट ब्राउन हा गायक 'वॉशबोर्ड सॅम' ह्याच नांवानें प्रसिद्धीस आला. त्यानें आपल्या फळीस गाईच्या गळ्यांतील घंटा आणि ग्रामोफोनची फिरती तबकडी जोडली होती. ज्या यंत्रानें ढोलास दूर लोटलें, त्याचाच एक भाग अखेर ताल धरण्याच्या कामीं आला.

फळीचा हा प्रवास समुद्रापार गेला. १९५४ सालीं लंडन येथें लॉनी डोनेगन यानें मुद्रित केलेलें एक गीत १९५६ सालीं अत्यंत लोकप्रिय झालें; त्यांत फळी वाजविणाऱ्या बाई बेरिल ब्रायडेन ह्या होत्या. मग इंग्लंडांतील असंख्य मुलांनीं घरांतील फळी, चहाचें खोकें व झाडूचा दांडा घेऊन वृंद उभारले. लिव्हरपूल येथें जॉन लेनन यानें काढलेल्या वृंदांतहि फळी होती, आणि त्याच वृंदांतून पुढें 'बीटल्स' निघाले. तिकडे अमेरिकेंत १९५७ सालीं न्यू मेक्सिकोंतील क्लोव्हिस येथें बडी हॉली याच्या गीतांचें मुद्रण चाललें असतां, ढोलवादक जेरी ॲलिसन यानें एका गीतास पुठ्ठ्याच्या खोक्यावर, तर दुसऱ्यास केवळ मांडीवर थापा मारून साथ दिली. येथें ढोलाची वाण नव्हती. जो ठेका पूर्वीं गरजेपोटीं स्वीकारला जाई, तो आतां नादासाठीं निवडला गेला.

१९७९ सालीं जपानच्या टीॲक कंपनीनें साध्या कॅसेटवर चार निरनिराळे आवाज टिपणारें 'पोर्टास्टुडिओ' हें यंत्र आणलें आणि मुद्रण लहानशा खोलींत शिरलें. तेथें खऱ्या ढोलाची अडचण निराळी. शेजाऱ्यांची झोंप मोडते. म्हणून पुन्हां घरांतील वस्तूंकडेच वळावें लागलें. पुठ्ठ्याच्या खोक्यावर तळव्यानें थाप दिली असतां आंतील हवा घुमते व ढोलाचा भास होतो. एकाच दिशेचा आवाज घेणारा मायक्रोफोन अगदीं जवळ नेला कीं त्यांतील खर्ज वाढतो. झांकणाच्या डब्यांत मूठभर तांदूळ घालून हालविले कीं खुळखुळा तयार होतो.

हे प्रयोग करणाऱ्यांस ते आपल्याच कल्पनेनें सुचलेले वाटणें स्वाभाविक आहे. परंतु त्यांच्यामागें एक जुनी परंपरा उभी आहे. आणि तिच्या आरंभीं, दुसऱ्यांचे कपडे घांसून संसार चालविणाऱ्या स्त्रियांच्या हातांतील ती फळी आहे. ह्या स्त्रियांचीं नांवें मुद्रिकांवर छापलीं गेलीं नाहींत. त्यांच्या श्रमाचें साधन मात्र तेथें वाजत राहिलें.