बोलण्याला कोणती लहर हवी? एएम, एफएम आणि रात्रीचा श्रोता

#थ्रेड

१/
सप्टेंबर २०११. अमेरिकेतील बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांतील दोन नामांकित क्रीडाचर्चा केंद्रांनी एकाच महिन्यात एएमवरील आपले बिऱ्हाड एफएमवर हलवले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कचे डब्ल्यूएफएएन त्याच वाटेने गेले. तेव्हापासून तिथे एक वाद धुमसतो आहे : गावगप्पांचा आणि खेळांचा रेडिओ एफएमवर जावा, की त्याने एएमवरच राहावे? वरवर पाहता हा अभियंत्यांचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याची पाळेमुळे १९३० च्या दशकात आहेत.

२/
आधी विज्ञान, थोडक्यात. एएममध्ये ध्वनीनुसार वाहक लहरीचा आयाम, म्हणजे तिची उंची, बदलते. एफएममध्ये तिची वारंवारता बदलते. वीज कडाडली किंवा शेजारी मोटर सुरू झाली की लहरीच्या उंचीत ढवळाढवळ होते. म्हणून एएमवर खरखर येते आणि एफएम त्या मानाने स्वच्छ राहते.

३/
एएमचे सामर्थ्य मात्र दुसरीकडे आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या कडेने दूरवर जातात. दिवेलागणीनंतर आयनांबराचा खालचा, लहरी शोषून घेणारा थर विरतो, आणि त्याच लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. एफएमची लहर बहुधा क्षितिजापर्यंतच चालते. डोंगर आडवा आला की संपली. थोडक्यात, एफएम शहराचे आणि एएम प्रदेशाचे.

४/
खेळ आणि एएम यांचे नाते रेडिओइतकेच जुने. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले. पुढल्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९२१ रोजी, त्याच केंद्रावरून हॅरॉल्ड आर्लिन यांनी फोर्ब्स फील्डवरील पायरेट्स विरुद्ध फिलीज या बेसबॉल सामन्याचे समालोचन केले. व्यावसायिक बेसबॉलचे हे पहिले नभोवाणी समालोचन मानले जाते.

५/
सिनसिनाटीचे पॉवेल क्रॉस्ली यांची गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी. हे गृहस्थ रेडिओ संच बनवत. संच विकायचे तर ऐकण्यासारखे काही हवे, म्हणून त्यांनी डब्ल्यूएलडब्ल्यू हे केंद्र चालवले. १९३४ मध्ये त्याची शक्ती तब्बल ५०० किलोवॉटवर नेली (आज अमेरिकेत एएमची कमाल मर्यादा ५० किलोवॉट आहे!) आणि त्याच वर्षी शहराचा ‘रेड्स’ हा बेसबॉल संघही विकत घेतला. २४ मे १९३५ रोजी प्रमुख लीगमधील पहिला रात्रीचा सामना त्यांच्याच मैदानावर दिव्यांच्या उजेडात झाला. संच त्यांचा, केंद्र त्यांचे, संघ त्यांचा. आणि सामना रात्री, जेव्हा एएमची लहर सर्वांत दूर पोहोचते.

६/
याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये एडविन आर्मस्ट्राँग हा अभियंता खरखरीचा कायमचा बंदोबस्त करण्याच्या मागे लागला होता. रेडिओ ग्रहणाची सुपरहेटरोडाइन पद्धत पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यानेच शोधली होती. आरसीए या बलाढ्य कंपनीचे डेव्हिड सारनॉफ त्याचे मित्र. खरखर घालवणारे एखादे उपकरण सारनॉफना हवे होते. आर्मस्ट्राँगने आणले ते उपकरण नव्हतेच. ती निराळी प्रसारणपद्धती होती. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला एफएमची पेटंटे मिळाली.

७/
नोव्हेंबर १९३५ मध्ये त्याने अभियंत्यांच्या सभेत प्रात्यक्षिक दाखवले. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज, कागद फाडल्याचा आवाज. तोवर रेडिओवर असे बारीक आवाज खरखरीत हरवून जात. सभागृहाने ते स्पष्ट ऐकले. परंतु आरसीएची सारी गुंतवणूक एएममध्ये होती आणि पुढचा पैसा दूरचित्रवाणीत जायचा होता. एम्पायर स्टेट इमारतीवर आर्मस्ट्राँगला प्रयोगांसाठी दिलेली जागा त्याच वर्षी काढून घेण्यात आली.

८/
तो हटला नाही. हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीतील अल्पाइन येथे त्याने स्वखर्चाने मनोरा उभारला. १९४१ पासून ४२ ते ५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात एफएमचे व्यावसायिक प्रसारण सुरू झाले. आणि १९४५ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने हा संपूर्ण पट्टाच ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेला. कारण दिले गेले ते सौरडागांमुळे भविष्यात होऊ शकणाऱ्या व्यत्ययाचे. आर्मस्ट्राँगने या भाकितावर कडाडून आक्षेप घेतला. उपयोग झाला नाही. लोकांच्या घरातील काही लाख एफएम संच त्या एका निर्णयाने निरुपयोगी झाले.

९/
पुढे पेटंटांचे खटले, कर्ज, विस्कटलेला संसार. १९५४ च्या जानेवारीअखेरीस आर्मस्ट्राँगने आपल्या आयुष्याचा शेवट केला. पत्नी मॅरियन यांनी खटले नेटाने पुढे चालवले. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ मध्ये जिंकला. (अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी जुळ्या मनोऱ्यांबरोबर त्यांवरील प्रक्षेपण यंत्रणाही कोसळली, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही दूरचित्रवाणी केंद्रांना याच मनोऱ्याचा आधार मिळाला.)

१०/
आता कथेचे वळण. एफएम बराच काळ एएमचा मुका भाऊ होता : मालक एकच, कार्यक्रमही तेच. आयोगाने १९६४ मध्ये नियम केला, की एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एकाच मालकाच्या एफएम केंद्राने आपला निम्म्याहून अधिक वेळ एएमचे कार्यक्रम पुन्हा वाजवण्यात घालवू नये. मालक चरफडले. रिकामा वेळ भरायचा कशाने? तरुण निवेदकांनी तो अख्ख्या लाँगप्ले तबकड्यांनी भरला. १९६१ पासून एफएमवर स्टिरिओलाही परवानगी मिळालेली होतीच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एफएमचे श्रोते एएमपेक्षा अधिक झाले. संगीत गेले ते कायमचे.

११/
येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. ‘बोलणे एएमला साजते, गाणे एफएमला’ हे वाक्य निसर्गनियमासारखे उच्चारले जाते. तसा कोणताही नियम नाही. बोलणे एएमवर स्थिरावले, कारण गाणे निघून गेल्यावर रिकाम्या झालेल्या घरात भाडे कमी होते. न्यूयॉर्कचे डब्ल्यूएबीसी हे लोकप्रिय गाण्यांचे बलाढ्य केंद्र १० मे १९८२ रोजी गाणी थांबवून बोलू लागले, ते काही वक्तृत्वाच्या ओढीने नव्हे.

१२/
अपवाद होते. सेंट लुईसच्या केएमओएक्सने १९६० मध्येच दुपारच्या तबकड्या बाजूला सारून श्रोत्यांचे दूरध्वनी आणि मुलाखती सुरू केल्या होत्या. परंतु लाट आली ती ऐंशीच्या दशकात. १९८७ मध्ये आयोगाने ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’, म्हणजे वादग्रस्त विषयांवर दोन्ही बाजूंना वाव देण्याचे बंधन, काढून टाकले. १९८८ मध्ये रश लिंबॉ यांचा राजकीय कार्यक्रम देशभर जाऊ लागला.

१३/
आणि १ जुलै १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएफएएन सुरू झाले : चोवीस तास केवळ खेळ. रात्री तीन वाजता सामन्याबद्दल फोन कोण करणार, असे जाणकार विचारत होते. फोन करणारे निघाले! पुढच्याच वर्षी हे केंद्र १०५० वरून ६६० किलोहर्ट्झवर गेले, कारण त्या लहरीचा पल्ला मोठा होता. हे ६६० म्हणजे एनबीसीचे जुने मुख्य केंद्र. एनबीसी ही आरसीएचीच कन्या. ज्या घराण्याने एएम वाचवण्यासाठी एफएमची वाट अडवली, त्याच्या ओसरीवर आता न्यूयॉर्कचे क्रीडारसिक भांडू लागले.

१४/
मग एफएमची ओढ का लागली? बॉस्टनचे उदाहरण पुरेसे आहे. डब्ल्यूईईआय हे ८५० एएमवरील केंद्र तेथील क्रीडाचर्चेचे अनभिषिक्त राजे होते. ऑगस्ट २००९ मध्ये ९८.५ एफएमवर ‘स्पोर्ट्स हब’ हा प्रतिस्पर्धी उभा राहिला आणि पाहता पाहता पुढे गेला. तरुण श्रोता एएमचे बटण दाबतच नव्हता. काहींना ते बटण असते हेही ठाऊक नव्हते. दोन वर्षांत डब्ल्यूईईआय ९३.७ एफएमवर आले. काँक्रीटच्या इमारती, भुयारी मार्ग आणि विजेऱ्या उपकरणांच्या गर्दीत एएमचा आवाज खरोखरच घुसमटतो. शहरातल्या श्रोत्याच्या दृष्टीने हे स्थलांतर योग्यच होते, हे मी मान्य करतो.

१५/
पण शहराबाहेरच्या श्रोत्याचे काय? येथे मला सर्वांत बोलकी वाटते ती सेंट लुईस कार्डिनल्सची कथा, आणि गंमत म्हणजे तिच्यात एफएम नाहीच. १९५५ पर्यंत हा प्रमुख लीगचा सर्वांत पश्चिमेकडील आणि १९५८ पर्यंत सर्वांत दक्षिणेकडील संघ होता. केएमओएक्सची ५० किलोवॉटची लहर रात्री मिसिसिपीच्या दोन्ही तीरांवर दूरवर पसरे. ज्या राज्यांना स्वतःचा संघच नव्हता, तेथील शेतघरांच्या ओट्यावर हॅरी कॅरे आणि जॅक बक यांचे आवाज पोहोचले. जी मुले आयुष्यात सेंट लुईसला गेली नव्हती, ती कार्डिनल्सची झाली.

१६/
सुमारे पन्नास वर्षांच्या सलग सोबतीनंतर, २००६ मध्ये, संघाने प्रसारण ५५० एएमवरील केटीआरएसकडे नेले. त्या केंद्रात संघाने मालकीचा वाटाही घेतला. हिशेब चोख होता. फक्त केटीआरएसची शक्ती ५ किलोवॉट होती. छोट्या सहकेंद्रांचे जाळे होते, तरी रात्री दूरवरून काटा फिरवणाऱ्याला ११२० वर आता बेसबॉल सापडेना. त्याच वर्षी संघ विश्वविजेतेपद जिंकला. २०११ मध्ये संघ केएमओएक्सवर परतला आणि त्या वर्षीही विजेता ठरला. (याला कार्यकारणभाव समजू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा मोहाला बळी पडायचे नसते. पण मोह होतो खरा.)

१७/
म्हणून ‘एएम की एफएम’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. जाहिरातदार पैसे देतो ते शहरातल्या मोजता येणाऱ्या श्रोत्यासाठी. तीनशे मैलांवरचा ट्रकचालक किंवा शेतकरी त्याच्या खिजगणतीत नसतो. त्याला ऐकू येणे ही केंद्राच्या जमाखर्चात फुकट गेलेली वीज आहे. ५० किलोवॉटचा प्रक्षेपक आणि मनोऱ्यांखालची विस्तीर्ण जमीन सांभाळणे खर्चाचे, आणि शहरालगत ती जमीन विकणे फायद्याचे. एएमचा ऱ्हास होतो आहे त्यात खरखरीइतकाच या गणिताचा हात आहे.

१८/
विजेवर चालणाऱ्या मोटारींनी प्रश्न आणखी तीव्र केला. त्यांच्या यंत्रणेतून निघणारा विद्युतगोंधळ नेमका एएमवर उमटतो. काही कंपन्यांनी एएम काढूनच टाकले. फोर्डनेही तसे ठरवले होते. मे २०२३ मध्ये निर्णय फिरवला. त्याच महिन्यात प्रत्येक मोटारीत एएम सक्तीचे करणारे विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडले गेले. समर्थकांचा मुख्य मुद्दा आपत्तीचा होता. २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे ८७० एएमवरील डब्ल्यूडब्ल्यूएल बोलत राहिले. वीज आणि दूरध्वनी गेलेल्या लोकांसाठी तोच एक धागा होता. ते बोलणे स्थानिक होते, म्हणूनच उपयोगाचे होते. एएम राखले आणि त्यावर दूरच्या शहरातून येणारे ठोकळेबाज कार्यक्रमच लावले, तर आपत्तीच्या रात्री रस्ते कोणते बुडाले हे सांगणारा तिथे असेलच असे नाही.

१९/
आपल्याकडे हा वाद या रूपात उभा राहिलाच नाही. आकाशवाणीचे पहिले एफएम प्रसारण १९७७ मध्ये मद्रासहून झाले, खाजगी एफएम २००१ मध्ये आले. परंतु खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही. त्यामुळे बातमी मुख्यतः आकाशवाणीकडेच राहिली, खाजगी एफएमच्या वाट्याला गाणी आली. तिकडे बाजाराने केलेली वाटणी इकडे परवान्याने केली. बाळ ज. पंडितांचे मराठी क्रिकेट समालोचन ज्या पिढीने ऐकले, तिला मध्यम लहरींवरील खेळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

२०/
माझे मत विचाराल तर : क्रीडाचर्चेने एफएमवर जरूर जावे, पण एएमचे दार ओढून घेऊ नये. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएफएएनने २ नोव्हेंबर २०१२ रोजी १०१.९ एफएम सुरू केले तेव्हा ६६० बंद केले नाही. एकच कार्यक्रम दोन्हींवर ठेवला. (तारीख पाहा : केडीकेएच्या त्या निकालरात्रीला बरोबर ९२ वर्षे झाली होती.) आणि १९६४ चा नियम आठवा. तेव्हा आयोगाने दोन लहरींवर एकच कार्यक्रम ठेवण्यास मज्जाव केला, म्हणून एफएम जगले. आज दूरच्या श्रोत्यासाठी तेच दुहेरी प्रसारण टिकवावे लागते आहे.

२१/
घरात मध्यम लहरींचा जुना संच असेल, तर एक करून पाहा. दुपारी दोन वाजता काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि किती केंद्रे बोलतात ते लिहून ठेवा. मग रात्री दहानंतर, ट्यूबलाइट आणि चार्जर बंद करून, पुन्हा फिरवा. दोन्ही आकडे आणि तुमच्या गावाचे नाव खाली लिहा.